फिट या शब्दाचे साक्षीदार

वेलांटीकाकांच्या हातून आयुष्यात एकच सार्वजनिक गडबड झाली, आणि तीही नळ गळत होता म्हणून.

नळ स्वयंपाकघरातला. दुरुस्तीला आलेला प्लंबर ओट्याखालून अर्धा बाहेर आला, पाना पिशवीत टाकला आणि म्हणाला, "काका, फिट करून दिलाय. आता दहा वर्षं बघायचं नाही." त्याला दारापर्यंत सोडायला काका गेले, तर जिन्यावरून धापा टाकत येणारे शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, "काय, फिट ना?" काका 'बरं आहे' म्हणून आत वळले, तर काकू एक बरणी पोटाशी धरून तिच्याशी झगडत होत्या. "हे झाकण एवढं फिट कोणी लावलं? तुम्हीच लावलं असणार."

दुसरा एखादा नवरा असता तर त्याने झाकण उघडून दिलं असतं. काकांनी कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: फिट. एक, जागेवर बसवणे. दोन, निरोगी. तीन, घट्ट. मग त्यांनी झाकणाला हात घातला. ते उघडलं नाही, हे सांगायला नकोच.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे कुणीतरी लिहायचं, कुणीतरी छापायचं, आणि मधे बसून काकांनी चुका काढायच्या. चाळीस वर्षं ऱ्हस्व की दीर्घ, पहिली की दुसरी, याच काळजीत गेल्यामुळे छापखान्यातल्या लोकांनी त्यांना वेलांटीकाका नाव ठेवलं, आणि निवृत्तीच्या वेळी हार-नारळाऐवजी तेच नाव ते घरी घेऊन आले असं म्हटलं तरी चालेल. खरं नाव आता वीजबिलावरसुद्धा नव्हतं. वीजबिल अजून वडिलांच्या नावाने येत होतं. लाखो पानं त्यांच्या डोळ्यांखालून गेली, पण त्यांतल्या एकाही पानावर त्यांचं नाव नव्हतं. याचं त्यांना काही वाटत नसे. निदान वाटत नाही असं ते स्वतःला अधूनमधून सांगत, आणि जी गोष्ट खरोखर वाटत नाही ती माणूस अधूनमधून सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत कॅलेंडरची पाठ भरली. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कुणाचा तरी झगा 'फिटिंगला' घेतला होता. रस्त्यावर एक गृहस्थ फिट येऊन पडले, तेव्हा काका पाणी घेऊन धावले आणि गृहस्थ शुद्धीवर आल्यावर परत येऊन त्यांनी आधी तो अर्थ नोंदवला. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बीजगणित 'डोक्यात फिट बसलं' होतं. 'पांग फिटले', 'पारणं फिटलं' हेही त्यांना आठवलं. पण ते आपल्या घरचं फिटणं, त्याचा या इंग्रजी पाहुण्याशी संबंध नाही, म्हणून त्यांनी ते वगळलं आणि वगळल्याचीही नोंद केली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी हा कागद सहज ग्रंथपालबाईंना दाखवला. बाई अडचणीत होत्या. वाचनालयाचा सहामाही अंक छपाईला जायचा होता आणि त्यातली दोन पानं एकाएकी कोरी पडली होती. एका सभासद कवींनी कविता परत घेतली होती, कारण ती वाळवीच्या औषधाच्या जाहिरातीसमोर आली होती.

"काका, हेच लिहून द्या ना," बाई म्हणाल्या. "दोन पानं. वीस तारखेपर्यंत."

"मी?" काकांनी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

"तुम्हीच. इतकी वर्षं आमच्या अंकाच्या चुका काढताय, आता एकदा करा. तुमच्या नावानं छापू."

काका घरी आले आणि त्यांनी हे शक्य तितक्या कोरड्या आवाजात काकूंना सांगितलं.

"नाव छापून येणार?" काकूंनी विचारलं.

"तसं म्हणतायत."

काकू तडक फोनकडे गेल्या. बहिणीला, वन्संना आणि दोन्ही सुनांना त्या दिवशी फोन गेले, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काकांचं एक पुस्तक येणार आहे अशी बातमी तीन गावांत पोचली. आता माघार घेणं म्हणजे फक्त एका लेखाचा प्रश्न उरला नव्हता.

अंकाचे संपादक निवृत्त प्राध्यापक होते. बोलताना ते पुस्तकात बोट घालून ठेवत, म्हणजे तुमच्याशी बोलणं हा वाचनातला व्यत्यय आहे हे तुम्हाला कळावं. त्यांनी काकांची यादी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे सगळं कुणी म्हटलं?"

"लोकांनी."

"कोणत्या लोकांनी? कुठे? कधी? तुम्हाला असं वाटतं म्हणून शब्दाला अर्थ येत नाही, काका. पुरावा लागतो."

एवढं पुरेसं होतं. आपल्याला काही येत नाही अशी शंका काकांना जन्मापासून होतीच. आता एका प्राध्यापकाने तिला दुजोरा दिला. जिना चढताना ते दर मजल्यावर थांबले. थोडं दुःखामुळे आणि बरंचसं लिफ्टमुळे. लिफ्ट पाच महिने बंद होती. तिच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी होती आणि त्या लिफ्टमध्ये चालू असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

चौथ्या मजल्यावर हेडक्लार्क दारातच उभे होते. एका मोठ्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणाचा अर्ज येत नसे, त्यामुळे ते शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांवर अर्ज शोधत.

"पुरावा?" सगळं ऐकून ते म्हणाले. "अहो, त्यात काय! सही घ्या. सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी."

"कुणाची सही?"

"जो बोलला त्याची. मी मसुदा देतो."

आणि त्यांनी दिलाही. छापखान्यातून आणलेली कोरी कार्डं काकांकडे होतीच, त्यांवर काकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तो उतरवला: 'मी, खाली सही करणार, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, अमुक दिनांकी, अमुक ठिकाणी, अमुक बाबीसंदर्भात मी फिट हा शब्द अमुक अर्थाने उच्चारला. सदर मजकूर खोटा आढळल्यास होणाऱ्या परिणामांस मी पात्र राहीन.'

"परिणाम कसले?" काकांनी भीत भीत विचारलं.

"ते मागाहून ठरवता येतात. पण परिणाम हवेत. त्याशिवाय माणूस खरं बोलत नाही."

शुद्धलेखनाच्या दृष्टीने मसुद्यात एकही चूक नव्हती. काकांना दुसऱ्या प्रकारच्या चुका काढायची सवय नव्हती.

पहिलं कार्ड घेऊन ते प्लंबरकडे गेले. त्याने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"गॅरंटी लिहून घेताय का काका?"

"नाही नाही. तुम्ही म्हणालात ना, 'फिट करून दिलाय'?"

"मी म्हणालो? कुणासमोर?"

"माझ्यासमोर."

"तुम्ही तर बाहेर पेपर वाचत होतात."

अर्ध्या तासाने त्याने सही केली, पण खाली आपल्या हाताने लिहिलं, 'आतला वॉशर जुना आहे, तो माझा नाही.' शास्त्रीय पुरावा म्हणून कार्डाची किंमत जरा उतरली, पण काकांनी ते जपून ठेवलं.

शिवणकामवाल्या बाई तयार होत्या, त्यांची अट वेगळीच. "सही करते, पण पहिल्या मजल्यावरच्यांना दाखवू नका हं. त्यांना मी म्हटलं होतं, फिटिंग बरोबरच आहे, तुम्हीच सुटलात."

"ते 'सुटलात' माझ्या विषयात येत नाही," काकांनी धीर दिला.

डॉक्टरांनी तर कार्ड वाचलंच नाही. "काका, तपासल्याशिवाय मी कुणाला फिट लिहून देत नाही." काकांनी खूप सांगितलं की फिट मी नाही, शब्द, पण तोवर दंडाला पट्टा बांधून झाला होता. डॉक्टरांनी पट्टा दोनदा फुगवला, जीभ पाहिली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की यांनी जिने चढणे टाळावे. ती चिठ्ठी घेऊन काका चार मजले चढले.

काकूंनी मात्र बरणीच्या कार्डावर लगेच सही केली. फक्त अर्थाच्या जागी 'घट्ट' खोडून 'यांनी लावलेले' असं केलं.

असं करत करत सव्वीस कार्डं झाली. आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, डॉक्टरांच्या सल्ल्याचा मान राखून काका दम खात उभे असताना, सत्ताविसावा अर्थ त्यांच्या कानावर पडला. सोसायटीचे सेक्रेटरी आपल्या दाराआड फोनवर बोलत होते: "तुम्ही नका हो काळजी करू. लिफ्टच्या कंत्राटदाराला मी फिट केलाय."

काकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. माणसाला फिट करणे! नळ नाही, झगा नाही, चक्क माणूस! हा उपयोग कोशात नसणार याची त्यांना खात्री होती. तिथेच कठड्यावर कार्ड टेकवून त्यांनी ते भरलं. दिनांक, वेळ, ठिकाण: सेक्रेटरींचे दार. बाब: लिफ्टचा कंत्राटदार. अर्थ: 'एखाद्याला आपल्या बाजूस वळवून घेणे.' दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, ते सेक्रेटरींकडे गेले.

सेक्रेटरी चहा पीत होते. कार्ड वाचता वाचता त्यांचा कप बशीवर उतरला, मग बशी टेबलावर उतरली, मग तेच खुर्चीवर उतरले.

"हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी स्वतः ऐकलं. फार छान वाक्य आहे."

"छान?"

"म्हणजे दुर्मीळ. तुमच्यासारख्या जबाबदार माणसाची सही असली की त्याला वजन येईल. इथे, खाली."

"काका, तुम्हाला काय हवंय?"

"सही."

"तसं नाही. मनातलं सांगा."

"मनातलंच सांगतोय."

सेक्रेटरींनी विचार करायला संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. काकांना वाटलं, केवढा चोखंदळ माणूस! एका शब्दासाठी दिवसभर विचार करतो.

संध्याकाळी ते आलेच. आधी काकूंच्या तब्येतीची चौकशी केली, मग भिंतीची.

"ही ओल आलीय वाटतं. उद्या माणूस पाठवतो."

"कशाला? बरीच वर्षं आहे ती."

"गाडी लावायला जागा..."

"आमच्याकडे गाडी नाही."

"सायकल?"

"तीही नाही."

"कमिटीवर या मग. तुमच्यासारखी माणसं हवीतच."

काकांनी हात जोडले. "मला खरंच काही नको. फक्त एक सही. आणि वीस तारीख जवळ आली, म्हणून घाई करतोय."

"वीस तारखेला काय आहे?" सेक्रेटरींचा आवाज खाली गेला.

"छापून येणार आहे ना सगळं."

सेक्रेटरी उठले. दारापाशी त्यांनी चप्पल उलटसुलट घातली. ज्याला काहीही नको असतं त्या माणसापुढे व्यवहारी माणसाची मती गुंग होते. लाच न घेणारा एक वेळ परवडतो, पण लाच देतोय हेच ज्याला कळत नाही त्याचं काय करायचं?

गोष्ट इथे थांबली असती. पण घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, सेक्रेटरी थेट समोरच्या दारात गेले आणि त्यांनी हेडक्लार्कांना विचारलं, "वेलांटीकाकांच्या मनात आहे तरी काय?"

"का, काय झालं?"

सेक्रेटरींनी सांगितलं. सांगायला नको होतं तेही सांगितलं.

"अस्सं!" हेडक्लार्क म्हणाले. "कंत्राटदाराला फिट केलात होय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात चपलांचा ढीग होता. पहिल्या मजल्यावरच्या बाई, बीजगणितवाल्या मुलीचे वडील, गच्चीला लागून राहणारं म्हातारं जोडपं, आणि ज्यांची तोंडंही काकांनी कधी नीट पाहिली नव्हती असे कितीतरी.

"काका, सही कुठे करायची?"

"आधी शब्द सांगा," काका हरखून म्हणाले. "कधी, कसा वापरलात?"

"शब्द-बिब्द तुम्हीच घाला. आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

"अहो, पण पुरावा..."

"पुरावा तुमच्याकडे आहे ना? झालं तर."

"मी सगळ्या महिन्यांच्या वेगळ्या सह्या करू का?" म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं. "पाच महिने चढतोय. गुडघे बघा."

काकांनी गुडघे पाहिले. त्यांना प्रामाणिकपणे वाईट वाटलं, पण गुडघ्यांच्या संदर्भात फिट हा शब्द त्या गृहस्थांनी उच्चारला नव्हता, आणि सुचवणं हे अभ्यासाच्या नियमात बसत नव्हतं. "तुम्ही काही म्हणालात का, की गुडघे पूर्वीसारखे... कसे राहिले नाहीत?" त्यांनी जमेल तेवढी निःपक्षपाती मदत केली.

"गेले म्हणालो," गृहस्थ म्हणाले.

एकतीस कार्डांवर सह्या झाल्या. एकतीसही कोरी. काका कपाळाला हात लावून बसले. इतकी वर्षं मजकूर असायचा आणि सही करणारा नसायचा. आता सह्या होत्या आणि मजकूर नव्हता. पाठीमागे हेडक्लार्क कार्डांवर क्रमांक टाकत होते. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात पुन्हा फाईल आली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज होतं.

"ही सगळी कार्डं, जुनी आणि नवी, आजच्या दिवस माझ्याकडे राहू द्या," ते म्हणाले. "नीट लावून देतो. तुमचं काम सोपं होईल."

काकांना नाही म्हणता येत नसे. हा दोष मुद्रितशोधनाच्या कुठल्याही खुणेने सुधारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडक्लार्कांनी त्यांच्या हातात एक चिठोरं ठेवलं. त्यावर शिक्का होता. "हे घ्या. पोच."

"कसली पोच?"

"तक्रारीची. सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात दाखल करून आलो. अठ्ठावन्न कागद, मूळ प्रतींसह. पहिले अर्जदार तुम्ही."

"मूळ प्रती?" काकांचा आवाज फुटला. "माझी कार्डं?"

"झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत हो ते. आम्हीसुद्धा ठेवत नव्हतो."

त्या दिवशी सतरा तारीख होती.

अठराला काका त्या कार्यालयात गेले. एका खिडकीवर 'चौकशी' असं लिहिलं होतं आणि आत कुणी नव्हतं. शेजारच्या खिडकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि तिथे रांग होती. तासाभराने त्यांची पाळी आली. आतल्या कारकुनांनी फाईल काढली. तिला तोवर दोरी, पुठ्ठा आणि लाल क्रमांक मिळाला होता. काकांच्या कुठल्याही लिखाणाला आजवर एवढा मान मिळाला नव्हता.

"ही कार्डं मला परत हवी आहेत," काका म्हणाले.

"दाखल झालेला मूळ कागद परत मिळत नाही. नक्कल मिळेल. अर्ज करा, पंधरा दिवस लागतील."

"पण ती तक्रार नाहीये. तो अभ्यास आहे."

कारकुनांनी एक कार्ड वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "'बरणीचे झाकण फिट बसले आहे.' ही लिफ्टची तक्रार कशी?"

"ती माझ्या पत्नीची आहे."

"पत्नी तक्रारदार क्रमांक तीन," कारकुनांनी यादीवर बोट ठेवलं. "आणि हे? 'आतला वॉशर जुना आहे'?"

"तो नळाचा."

"म्हणजे नळाचीही तक्रार आहे. वेगळा अर्ज लागेल."

"मग मी सगळंच मागे घेतो."

"घ्या की. सगळ्या अर्जदारांची संमती आणा. लेखी."

"म्हणजे सह्या?"

"सह्याच."

काकांनी खिडकीच्या कठड्याला धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, झालं असेल तर सरका."

एकोणीस तारखेला सकाळी खडखड असा आवाज झाला, आणि मग कुणीतरी ओरडलं, "चालू झाली!" सेक्रेटरींनी पोच पाहिली होती. पाच महिने न सापडलेला भाग दीड दिवसात सापडला होता. लोक उगाचच वर-खाली करत होते. गच्चीशेजारचं म्हातारं जोडपं तीनदा खाली जाऊन आलं आणि दर वेळी काहीही न घेता परतलं. तक्रार मागे घेण्याच्या कागदावर सही मागायला काका दारोदार फिरले, तर सगळे त्यांनाच पेढा भरवावा तसे हात धरून बोलत होते.

"काका, तुम्ही दिसता साधे! काय फिट केलंत सेक्रेटरींना!"

हा आणखी एक अर्थ. 'पेचात पकडून वठणीवर आणणे.' काकांचा हात खिशाकडे गेला. खिशात कोरं कार्ड नव्हतं. आणि कागद मागे घेण्याची सही कुणीच दिली नाही. न जाणो, पुन्हा बंद पडली तर?

खाली जाताना लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. दोघंच होते.

"काका, एक सांगू?" सेक्रेटरी दाराकडे बघत म्हणाले. "फिट केला म्हणजे मी त्याच्या हातापाया पडलो होतो हो. फोन उचलायचा नाही तो. त्याच्या घरी जाऊन बसलो, त्याच्या आईचा औषधोपचार ऐकून घेतला, तेव्हा कुठे येतो म्हणाला. तुम्ही लिहिलंत 'बाजूला वळवणे'. तसलं काही नव्हतं. पण ते छापून आलं तर माझं कोण ऐकणार, म्हणून घाबरलो."

काका गोरेमोरे झाले. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या मजकुराचा अर्थ बदलेल अशी दुरुस्ती कधी केली नव्हती, आणि इथे एका जिवंत माणसाच्या तोंडात भलता अर्थ घालून ते शिक्क्यानिशी दाखल करून मोकळे झाले होते.

"मी आधी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक माझी."

"आता करू का सही?"

"आता कार्ड नाही."

तळमजला आला. दार उघडलं. आपण कुठे निघालो होतो हे काकांना आठवेना, म्हणून ते पुन्हा वर आले.

घरी येऊन त्यांनी टेबलावरचे उरलेले कागद गोळा केले, त्यांना रबर लावलं आणि ते ग्रंथपालबाईंना फोन करण्यासाठी नंबर शोधू लागले. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाला फोन?"

"बाईंना. लेख होत नाही म्हणून कळवतो. पुरावे सगळे तिकडे अडकलेत. शिवाय एक तर चुकलंच."

"मग नाव?"

"नाही येणार."

काकू खुर्ची ओढून बसल्या. त्या बसून बोलायला लागल्या की काका सहसा उभे राहत.

"एक विचारू? चाळीस वर्षं लोक काय काय लिहून आणायचे. राजे-महाराजांचं लिहायचे, ताऱ्यांचं लिहायचे, संधिवाताचं लिहायचे. त्यातल्या एकाला तरी तुम्ही विचारलंत का, पुरावा कुठाय, सही कुठाय म्हणून?"

"माझं काम तेवढं नव्हतं..."

"सगळ्या जगाचं खरं धरलंत. आणि स्वतःच्या कानांवर विश्वास नाही तुमचा! झाकण फिट होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग लिहा ना तसं. चुकलं तर चुकलं. लोकांच्या चुका नाही का पोटात घातल्यात?"

काकांनी फोन ठेवला आणि शाईचं पेन उचललं. दुपारच्या उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर चढेपर्यंत ते लिहीत होते. यादी समोर नव्हती म्हणून माणसंच समोर येत गेली: ओट्याखालून निघालेला प्लंबर, टाचण्या तोंडात धरून बोलणाऱ्या बाई, रस्त्यात पडलेले गृहस्थ, ज्यांचा हात काकांनी घट्ट धरून ठेवला होता. सेक्रेटरींचा अर्थ त्यांनी दुरुस्त करून घातला: 'ज्याच्यावाचून अडले आहे त्याचे, त्याच्या आईच्या आजारासकट सगळे ऐकून घेऊन, मन वळवणे.' आडनाव, मजला, काही दिलं नाही. मराठीत एवढ्या छोट्या शब्दात एवढं मावतं, याचं त्यांना लिहिता लिहिताच नवल वाटलं.

वीस तारखेला प्राध्यापकांनी दोन पानं वाचली. पुस्तकातलं बोट या वेळी त्यांनी नकळत काढून घेतलं होतं.

"पुरावा कुठे आहे?"

"एका कार्यालयात. नक्कल मिळायला पंधरा दिवस."

"मग हे सगळं कशाच्या आधारावर?"

"मी ऐकलंय," काका म्हणाले.

"तेवढ्यावर वाचकांनी विश्वास ठेवायचा?"

"नाही ठेवला तरी चालेल," काका म्हणाले. आणि आपणच हे बोललो की मागच्या कपाटातून कुणी बोललं, हे न कळून त्यांनी पटकन जोडलं, "म्हणजे, ठेवावा असं मला वाटतं."

प्राध्यापकांनी कोपऱ्यात 'घ्यावे' असं लिहिलं आणि खाली एक तळटीप घातली की लेखातल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असं नाही.

चार दिवसांनी ग्रंथपालबाई मुद्रितं घेऊन घरी आल्या. दर अंकाची यायची तशीच. चुका काढायला अंकाकडे दुसरं कुणी नव्हतंच. काकांनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं आणि इतरांचे लेख आधी संपवले. मग आपली दोन पानं पुढ्यात ओढली.

लेखात सात चुका निघाल्या. पाच अक्षरं जुळवणाऱ्याच्या, दोन त्यांच्या स्वतःच्या. स्वतःच्या दोन त्यांनी जरा लहान अक्षरात दुरुस्त केल्या. मग शीर्षकाखाली त्यांचं नाव होतं, तिथे पेन थांबलं. पहिलं अक्षर पाहिलं. दुसरं पाहिलं. वेलांटी पाहिली, पहिलीच आहे ना, हे प्रकाशाकडे धरून पाहिलं. पुन्हा उजवीकडून डावीकडे वाचलं, कारण सरळ वाचताना डोळा फसतो. नाव बरोबर होतं. ते इतकं बरोबर होतं की त्यांना ते कुणा दुसऱ्याचं वाटलं.

"काही चुकलंय का काका?" बाईंनी विचारलं. त्यांना पुढे छापखान्याची वेळ गाठायची होती.

"नाही," काका म्हणाले. "काही नाही."

पानाच्या तळाशी, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पानांखाली लिहिलं होतं तेच त्यांनी लिहिलं: 'तपासले. छापण्यास हरकत नाही.' पूर्वी ते त्याखाली नुसतं एक अक्षर काढत. आज त्यांनी पूर्ण सही केली, सावकाश, आणि मग पेन न मिटता इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणाची लागेल की काय म्हणून.

बाईंनी पान त्यांच्या हाताखालून हळूच ओढून घेतलं आणि पिशवीत टाकलं.